बुडालेल्या कारखान्यांचे देणे

२०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला एका जुन्या गाडीचा लिलाव झाला. १९३५ ची ड्यूसेनबर्ग एसएसजे. अशा आखूड चेसिसच्या, म्हणजे आखूड सांगाड्याच्या, दोनच गाड्या बनल्या होत्या, एक गॅरी कूपर आणि दुसरी क्लार्क गेबल या हॉलीवूडच्या नटांकडे. कूपरची गाडी २ कोटी २० लाख डॉलरला गेली. तेव्हापासून मी पाहतो आहे, सुरुवातीच्या अमेरिकी मोटारींचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन बाजूंत वाटला जातो. एक बाजू म्हणते, खरी मोटार हेन्री फोर्डने बनवली, ड्यूसेनबर्ग, स्टुट्झ, मार्मन, मिलर हे श्रीमंतांची खेळणी बनवणारे लोक होते आणि म्हणूनच सगळे बुडाले. दुसरी बाजू त्या लिलावाचा आकडा पुढे करते आणि म्हणते, खरी कला तीच, पुढे आली ती पत्र्याची डबडी. मला या दोन्ही बाजूंचा सारखाच राग येतो, कारण दोघांच्याही हातात तराजू पैशाचाच आहे. पहिले किती गाड्या खपल्या ते मोजतात, दुसरे हातोडा कितीवर पडला ते. गाडीच्या आत काय आहे, ते प्रथम कोणाला सुचले, कोणी करून पाहिले आणि त्यापायी काय गमावले, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. शर्यतीच्या आणि महागड्या गाड्या बनवणारे हे कारागीर अमेरिकी मोटारीच्या गोष्टीतले उपकथानक नाहीत. स्वस्त गाडी त्यांच्याच कारखान्यांत शिकली. जे शिकायला त्यांना पदरचे पैसे, वर्षे आणि कित्येकदा माणसे घालवावी लागली, ते पुढे लाखोंनी गाड्या काढणाऱ्यांच्या हाती आयते पडले. आणि कारखाना बुडाला एवढ्यावरून त्याचे काम वाया गेले असे म्हणणे हा हिशेबच चुकीचा आहे.

फोर्डच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा लहान नाही आणि तो पूर्ण मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाली. सुरुवातीला ८५० डॉलरच्या आसपास असलेली किंमत १९२०च्या दशकाच्या मध्याला सर्वांत स्वस्त नमुन्यासाठी २६० डॉलरवर आली. गावापासून दहा-पंधरा मैल आत, चिखलाच्या रस्त्यांवर राहणाऱ्या शेतकरी कुटुंबासाठी डॉक्टर, बाजार आणि शाळा या गाडीने जवळ आणली. याउलट ड्यूसेनबर्गचे मॉडेल जे १९२८ च्या डिसेंबरमध्ये आले तेव्हा नुसत्या चेसिसची किंमत ८,५०० डॉलर होती. वरची बॉडी वेगळी करून घ्यायची आणि तिचे पैसे वेगळे. अशा गाड्या एकूण निघाल्या ४८० च्या घरात. माणसांचे जगणे कोणत्या गाडीने बदलले असा प्रश्न असेल तर उत्तर एकच आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण प्रश्न तेवढाच आहे का? दीड कोटी गाड्या काढायचे ज्ञान फोर्डकडे आले कुठून? १९०१ च्या जानेवारीत फोर्डची पहिली कंपनी मोडीत निघाली होती. गाड्या म्हणण्यासारख्या खपल्याच नव्हत्या आणि भांडवलदारांचा विश्वास उडाला होता. त्या वर्षी १० ऑक्टोबरला डेट्रॉइटजवळ ग्रॉस पॉइंटच्या धावपट्टीवर तो अलेक्झांडर विंटनसमोर शर्यतीत उतरला. विंटन हा क्लीव्हलंडचा सायकल कारखानदार, त्या काळचा नाव मिळवलेला मोटार बनवणारा आणि शर्यतीत मुरलेला गडी. तो पुढेच होता, पण बेअरिंग तापले, गाडी मंदावली आणि फोर्ड जिंकला. त्या एका विजयावर नवे भांडवलदार जमले आणि पुढच्याच महिन्यात हेन्री फोर्ड कंपनी उभी राहिली. तिथेही त्याचे लक्ष शर्यतीच्या गाडीकडेच, म्हणून भांडण झाले आणि १९०२ मध्ये तो बाहेर पडला. मग त्याने ‘९९९’ नावाची राक्षसी गाडी बांधली आणि बार्नी ओल्डफिल्ड या सायकलपटूने ती जिंकून दाखवली. आजची फोर्ड कंपनी जून १९०३ मधली. तीही उभी राहिल्यावर १९०४ च्या जानेवारीत फोर्ड स्वतः सेंट क्लेअर तलावाच्या गोठलेल्या पाण्यावर ताशी ९१.३७ मैल वेगाने गाडी घेऊन गेला, कारण नव्या कंपनीला नाव हवे होते. सामान्यांच्या मोटारीचा हा जनक आधी शर्यतीच्या गाड्या बांधणारा होता. त्याला त्या जमातीतून काढून तिच्याविरुद्ध साक्षीला उभे करायचे, हे मला पटत नाही.

१९०२ मध्ये हेन्री फोर्ड कंपनीत फोर्डने रिकामी केलेली जागा कोणी भरली, हे त्याहून महत्त्वाचे. भांडवलदारांनी कारखान्याची किंमत ठरवायला हेन्री लेलँड या उतारवयाच्या कारागिराला बोलावले. लेलँड बंदुकांच्या सरकारी कारखान्यात काम केलेला आणि पुढे ब्राउन अँड शार्प या मोजमापाची अवजारे करणाऱ्या कंपनीत तयार झालेला. कारखाना विकू नका, चालवा, असा सल्ला त्याने दिला आणि त्यातून कॅडिलॅक जन्माला आली. १९०८ मध्ये लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने कॅडिलॅकच्या तीन गाड्या घेतल्या, पार सुट्या केल्या, ७२१ भाग एकमेकांत मिसळले. त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी दुकानातले नवे भाग ठेवले आणि मेकॅनिकच्या हातात फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर दिले. कानस चालवायची नाही, ठोकायचे नाही. त्या ढिगातून तीन गाड्या उभ्या राहिल्या, एकीचे चाक एका रंगाचे तर मडगार्ड दुसऱ्या रंगाचे, आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ५०० मैल धावल्या. ज्याने कधी वर्कशॉपमध्ये दोन भाग एकमेकांत बसवायला कानस घेऊन तास घालवला असेल, त्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. फोर्डची फिरती असेंब्ली लाइन १९१३ ची. पट्टा सरकत असताना कोणी थांबून भाग घासत बसू शकत नाही, म्हणजे कोणताही भाग कोणत्याही गाडीत बसलाच पाहिजे. ही अट आधी कोणी पाळून दाखवली होती? त्या तीन कॅडिलॅक महागड्या नव्हत्या, मध्यम किमतीच्या होत्या, हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण लेलँडने तीच काटेकोर मापे पुढे महाग गाड्यांत नेली, आणि तिथे ग्राहक त्या मापांचे पैसे द्यायला तयार होता.

कारखान्याची इमारतही घ्या. पॅकार्ड ही तेव्हाची सर्वांत प्रतिष्ठित अमेरिकी गाड्यांपैकी एक. तिच्या डेट्रॉइटच्या आवारात १९०५ मध्ये अल्बर्ट कान या वास्तुविशारदाने लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची इमारत बांधली. खांब दूर दूर, खिडक्या मोठ्या, मजल्यावर यंत्रे हवी तशी मांडता येतील अशी. पुढे त्याच कानला फोर्डने हायलँड पार्कचा कारखाना दिला, जिथे फिरता पट्टा सुरू झाला. श्रीमंतांच्या गाडीसाठी उभे राहिलेले छप्पर गरिबांच्या गाडीच्या कामी आले.

‘फोर्डने हे सगळे तसेही केलेच असते,’ असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. याचा प्रतिवाद तर्काने करण्यापेक्षा ब्रेकच्या गोष्टीने करतो, कारण मोटारीच्या इतिहासात इतकी स्वच्छ नोंद फार थोड्या गोष्टींची सापडते.

सुरुवातीच्या गाड्यांचे ब्रेक सळ्या आणि तारांवर चालत. पायाखालचा पेडल दाबला की सळ्या ओढल्या जात आणि चाकातले पट्टे आवळत. त्यातली एखादी सळी जरा सैल, एखादा सांधा जरा गंजलेला, की एक चाक आधी धरते, दुसरे नंतर, आणि गाडी बाजूला ओढली जाते. म्हणून पुढच्या चाकांना ब्रेक लावायलाच लोक घाबरत, कारण पुढचे एकच चाक धरले तर गाडी रस्ता सोडणार. माल्कम लॉकहीडने यावर द्रवाचा मार्ग काढला. बंद नळीतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, चाक डावे असो वा उजवे. ही कल्पना शर्यतीच्या गाडीत घालून जगासमोर नेली ती फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग या भावांनी. जर्मनीत जन्मलेले, लहानपणी आयोवाच्या शेतांत आलेले, सायकली दुरुस्त करता करता मोटारीकडे वळलेले हे दोघे. जुलै १९२१ मध्ये त्यांच्या गाड्या फ्रेंच ग्राँ प्री या मोठ्या शर्यतीसाठी फ्रान्समधल्या ल मान्सला गेल्या. रस्ता इतका उखडला की दगडांचा मारा चालला होता. त्यांचा चालक जिमी मर्फी सरावात झालेल्या अपघातामुळे बरगड्यांना पट्ट्या आवळून बसला होता. वळणापाशी इतरांना जिथून वेग कमी करावा लागे, त्याच्या पुढे जाऊन तो ब्रेक दाबू शकत होता, कारण चारही चाके सारखी धरत होती. मर्फी जिंकला. अमेरिकी गाडीने युरोपची ग्राँ प्री जिंकण्याची ती पहिली वेळ आणि दुसरी वेळ यायला १९६७ साल उजाडले.

त्याच वर्षी ड्यूसेनबर्गने आपल्या रस्त्यावरच्या गाडीतही, मॉडेल ए मध्ये, चारही चाकांना द्रवाचे ब्रेक दिले. मग काय झाले? १९२४ मध्ये वॉल्टर क्रायस्लरने आपल्या पहिल्या गाडीत तेच घातले, किंमत बरीच खाली आणून. १९२८ मध्ये क्रायस्लरच्याच प्लिमथमध्ये ते आले आणि ही गाडी फोर्डशी स्पर्धा करणारी स्वस्त गाडी होती. १९३६ मध्ये शेव्हरोलेने घेतले. आणि फोर्डने? १९३९ च्या मॉडेलात. तोवर पेडलपासून चाकापर्यंत पोलादच असणे हीच सुरक्षितता, असे फोर्डच्या जाहिराती सांगत होत्या. जगातला सर्वांत मोठा कारखाना, हाताशी हवे तितके भांडवल, उत्तम माणसे, आणि तरी अठरा वर्षे. ‘तसेही केलेच असते’ म्हणणाऱ्यांनी या अठरा वर्षांचे काय ते सांगावे. दरवर्षी लाखोंनी एकसारख्या गाड्या काढणारा कारखाना बदलाला घाबरतो आणि त्याचे घाबरणे समजण्यासारखे आहे, कारण एक चूक झाली तर ती लाख वेळा होते. नवे करून पाहायला असा कारखाना लागतो की जो वर्षाला काहीशे गाड्या काढतो आणि ज्याचा मालक स्वतः त्या गाडीत बसून वळण घेतो. आज खंडाळ्याचा घाट उतरताना आपण निर्धास्तपणे पेडलवर पाय ठेवतो, तेव्हा त्या पायाखाली ल मान्सचा तो दगडांचा रस्ता असतो.

सेल्फ-स्टार्टरची गोष्ट याच वळणाची, म्हणून थोडक्यात सांगतो. हँडल मारून इंजिन चालू करताना उलटा झटका बसून मनगटे आणि जबडे मोडत. चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर केला आणि लेलँडने तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये घातला. मॉडेल टीमध्ये तो १९१९ मध्ये मिळू लागला. इथे शर्यतीचा काही संबंध नाही, हे शर्यतप्रेमींनीही मान्य करावे. सगळे शोध धावपट्टीवर लागले नाहीत. काही प्रयोगशाळेत लागले आणि महाग गाडीच्या ग्राहकाने त्यांचा पहिला खर्च उचलला.

आता धावपट्टीकडे. शर्यत म्हणजे नुसती जाहिरात होती, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. होय, जाहिरात होतीच. पण ती हजारो लोकांदेखत खोटी ठरू शकणारी जाहिरात होती. इंडियानापोलिसचा मोटर स्पीडवे १९०९ मध्ये कार्ल फिशर आणि त्याच्या भागीदारांनी बांधला तो मुळात इंडियानातल्या गाडी-कारखान्यांना चाचणीची जागा हवी म्हणून. ३० मे १९११ च्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत हॅरी स्टुट्झ नावाच्या माणसाने पाच आठवड्यांत बांधलेली गाडी उतरवली. ती अकरावी आली. अकरावी! आणि तरी एका दिवसात सिद्ध झालेली गाडी अशीच तिची जाहिरात झाली, कारण ५०० मैलांत टायर बदलण्यापलीकडे तिला मोठी दुरुस्ती लागली नव्हती. ज्या काळात पन्नास मैलांच्या प्रवासाला निघताना घरची माणसे संध्याकाळी परत याल ना असे विचारत, त्या काळात ताशी ६८ मैलांच्या सरासरीने अख्खा दिवस न मोडता चालणे हा अकराव्या क्रमांकापेक्षा मोठा निकाल होता, आणि तो पाहणाऱ्या ऐंशी हजारांच्या आसपासच्या गर्दीला तो कळला. कंपनीने स्वतःच्या गाडीबद्दल काय म्हणावे यावर आज असा उघड अंकुश दिसत नाही. तेव्हा निदान एक जागा अशी होती की जिथे म्हणणे आणि असणे यांतले अंतर सर्वांसमोर उघडे पडे.

त्या दिवशी जिंकली ती मार्मनची ‘वॉस्प’. मार्मन हे पिठाच्या गिरण्यांची यंत्रे करणारे घराणे, आणि गाडीचा चालक रे हॅरून हा त्यांच्याच कारखान्यातला अभियंता. बाकीच्या गाड्यांत मागचे पाहायला सोबत मेकॅनिक बसलेला असे. हॅरून एकटाच होता, म्हणून त्याने समोर आरसा बसवला. गाडीतला मागचा आरसा इथूनच आला, असे उत्साहाने सांगितले जाते. मी इतके सांगणार नाही. विटांच्या ट्रॅकवरच्या हादऱ्यांत त्या आरशात काही नीट दिसत नव्हते, असे हॅरूननेच नंतर सांगितले होते, आणि कल्पनाही त्याने घोडागाडीवर पाहिलेल्या आरशावरून घेतली होती. आपल्या बाजूचा पुरावा कच्चा असेल तर तो आपणच बाजूला काढावा.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे, माणसांच्या मरणाचा. तो स्पीडवे उघडला तेव्हा ट्रॅकवर खडी आणि डांबर होते. ऑगस्ट १९०९ च्या पहिल्या मोटार शर्यतींत तीन दिवसांत पाच जण गेले. एक चालक, दोन मेकॅनिक आणि दोन प्रेक्षक. त्यानंतर ६३ दिवसांत ३२ लाख विटा बसवून ट्रॅक नवा केला, पण मरणे थांबली नाहीत. ल मान्सचा विजेता जिमी मर्फी १९२४ मध्ये सिरॅक्यूजच्या शर्यतीत गेला. फ्रेड ड्यूसेनबर्ग १९३२ मध्ये स्वतःचीच गाडी चालवताना पेनसिल्व्हेनियात अपघातात सापडला आणि काही आठवड्यांनी वारला. ‘प्रगतीची किंमत’ असा शब्द इथे मी वापरणार नाही. चालकाने धोका पत्करला असे म्हणता येईल, पण त्या दोन प्रेक्षकांनी कोणताही करार केला नव्हता, आणि पोटासाठी शेजारी बसणाऱ्या मेकॅनिकला निवड किती होती, हाही प्रश्नच आहे. त्या मरणांनी शर्यत योग्य ठरत नाही. मात्र ज्या गोष्टी तिथे शिकल्या गेल्या त्या आपण रोज वापरतो, आणि वापरताना शिकवणाऱ्यांना खेळणी बनवणारे म्हणतो, हे मला सहन होत नाही.

राहिला बुडण्याचा मुद्दा. तो खरा आहे. मार्मनचा कारभार १९३३ मध्ये आटोपला, ड्यूसेनबर्गचा १९३७ मध्ये. लेलँडने म्हातारपणी काढलेली लिंकन कंपनी दिवाळ्यात गेली आणि १९२२ च्या फेब्रुवारीत फोर्डने ८० लाख डॉलरला घेतली. काही महिन्यांत लेलँड पिता-पुत्र बाहेर पडले. पण धंदा टिकणे आणि काम टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला इतिहासाने पुष्कळदा सांगितले आहे. गुटेनबर्गचा छापखाना सावकार फुस्टच्या कर्जापायी त्याच्या हातून गेला, म्हणून छपाई फुस्टने शोधली असे कोणी म्हणत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण बेधडक तसे म्हणतो.

विंटनचेच पाहा. ग्रॉस पॉइंटला हरलेल्या या माणसाचा मोटार कारखाना १९२४ मध्ये बंद झाला. पण त्याने बाजूला इंजिनांची कंपनी काढली होती, ती डिझेलकडे वळली आणि १९३० मध्ये जनरल मोटर्सने विकत घेतली. १९३४ च्या ‘झेफर’ या चकचकीत डिझेल आगगाडीत विंटनचे इंजिन होते. त्याच वंशावळीत पुढे जनरल मोटर्सच्या रेल्वे विभागाची इंजिने झाली, आणि त्यांतल्याच एका पिढीचे इंजिन भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ लोकोमोटिव्हमध्ये धडधडते. मालगाडीच्या वाघिणी ओढत जाणारे ते धूड पाहताना १९०१ मधले ते तापलेले बेअरिंग मला आठवते. कोण हरले होते त्या दिवशी?

हॅरी मिलरचे बुडणे मला सर्वांत जास्त लागते. लॉस एंजेलिसमधला हा कार्ब्युरेटर बनवणारा. एका चालकाचे फ्रेंच प्यूजो इंजिन फुटले, युद्धामुळे फ्रान्समधून भाग येईनात, म्हणून ते मिलरकडे आले आणि ते दुरुस्त करता करता तो इंजिनच करायला लागला. म्हणजे पाया फ्रेंचांचा, हे सांगायला संकोच नको. ज्ञान असेच इकडून तिकडे जाते. पुढे १९२९ मध्ये फ्रान्समधल्या बुगाटी या मोटार कारखानदाराने मिलरच्या दोन शर्यतीच्या गाड्या मिळवल्या आणि त्यांचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, पाहून आपले हेड केले. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मिलरच्या रचनेवरून १९२९ ची कॉर्ड एल-२९ ही रस्त्यावरची गाडी निघाली. आणि १९३३ मध्ये मिलरचे दिवाळे निघाले. त्याच्या कारखान्यातला यंत्रकारागीर फ्रेड ऑफेनहाउजर आणि आरेखक लिओ गूसेन यांनी ते इंजिन पुढे चालवले, आणि त्याच्या वंशजाने १९७६ पर्यंत इंडियानापोलिस जिंकले. मिलर १९४३ मध्ये हलाखीत गेला.

इथे लिलाववाल्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांना या गाड्यांमागे एकटा प्रतिभावंत दिसतो. मिलरची इंजिने कागदावर गूसेन उतरवत होता, धातूत ऑफेनहाउजर. ड्यूसेनबर्ग जेचे इंजिन विल्यमस्पोर्टच्या लायकमिंग कारखान्यात बनत होते. पत्रा ठोकून ती डौलदार बॉडी करणाऱ्यांची नावे तर कुठेच नाहीत. आणि ज्यांना दारातच अडवले त्यांचे काय? इंडियानापोलिसच्याच चार्ली विगिन्स नावाच्या कृष्णवर्णीय मेकॅनिकने स्वतःच्या गॅरेजात शर्यतीची गाडी बांधली, पण स्पीडवेवर त्याच्या वर्णाच्या चालकाला प्रवेश नव्हता. १९२४ पासून त्याच शहरातल्या जत्रेच्या मैदानावर मातीच्या ट्रॅकवर कृष्णवर्णीयांची वेगळी शंभर मैलांची शर्यत भरू लागली आणि विगिन्सने ती चार वेळा जिंकली. १९३६ च्या अपघातात त्याचा पाय गेला. स्वतः गाडी बांधून स्वतः जिंकणारा हा माणूस आद्य निर्मात्यांच्या यादीत नसेल, तर ती यादीच अपुरी आहे. लिलावाच्या पुस्तिकेत मात्र नटांची नावे असतात.

मालकांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरातलेही सांगितले पाहिजे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकाच्या मध्यात लांब चेसिसची ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने केली, केशरी आणि काळ्या रंगात. फार देखणी गाडी आहे ती. पण तिचे पैसे रयतेच्या साऱ्यातून आले होते, आणि जगभर मंदी असताना आले होते. असे ग्राहक नसते तर मॉडेल जे निघालेच नसते, हेही तितकेच खरे. या विसंगतीतून सुटायला मला वाट दिसत नाही, आणि वाट असल्याचा आव मी आणणार नाही. एवढेच म्हणेन की घेणाऱ्याच्या पैशाचा न्याय वेगळा करावा आणि करणाऱ्याच्या हाताचा वेगळा. चार झडपांच्या सिलिंडरचे गणित सोडवणाऱ्या फ्रेडने इंदूरचा सारा ठरवला नव्हता.

आणि स्वस्त विरुद्ध महाग ही भिंत मुळात इतकी पक्की होती का, असे मला लुई शेव्हरोलेकडे पाहून वाटते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हा दणकट शर्यतपटू. १९११ मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली, त्याला हवी तशी मोठी, २,१५० डॉलरची गाडी निघाली. भागीदार ड्युरंटला स्वस्त गाडी हवी होती. भांडण झाले, लुई बाहेर पडला, नाव मात्र कंपनीकडे राहिले आणि त्या नावावर पुढे कोट्यवधी स्वस्त गाड्या विकल्या गेल्या. त्याने भावांबरोबर ‘फ्रंटेनॅक’ नावाने शर्यतीच्या गाड्या बांधल्या. धाकटा गॅस्टन १९२० मध्ये इंडियानापोलिस जिंकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्रॅकवर मेला. पैसा संपत आला तेव्हा लुईने जे केले ते मला त्याच्या सगळ्या शर्यतींपेक्षा मोठे वाटते. त्याने मॉडेल टीच्या इंजिनावर बसणारे सिलिंडर हेड विकायला काढले. गावोगावच्या पोरांनी जुनी फोर्ड घ्यायची, तिच्यावर हे ‘फ्रंटी’ हेड चढवायचे आणि जत्रेच्या मैदानावर धावायचे. मंदीत लुईवर त्याच्याच नावाच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून राबायची पाळी आली, पण ते हेड गॅरेजागॅरेजांत फिरत राहिले.

१९२३ च्या इंडियानापोलिसला अशी एक फ्रंटी-फोर्ड उतरली, खाली फोर्डचा ब्लॉक आणि वर शेव्हरोलेचे हेड. एल. एल. कोरम नावाच्या चालकाने ती मिलरच्या गाड्यांच्या गर्दीतून पाचवी आणली. पुढच्या वर्षी स्वतः हेन्री फोर्ड शर्यतीचा मानद पंच म्हणून आला. त्या दिवशी तीन फ्रंटी-फोर्ड धावल्या आणि मागे राहिल्या. जिंकली ड्यूसेनबर्ग. सुरुवातीला ती चालवत होता तोच कोरम, आणि अर्ध्यावर त्याच्याकडून ती घेतली जो बॉयरने.